सहकाऱ्याला 'देखणा दिसतोस' म्हणावे का?

प्रश्न : मी बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. वय 41. माझ्या हाताखालचा एक तरुण मोल्डर गेल्या महिन्यात दाढी कोरून, केस नीट कापून कामावर आला. जेवणाच्या सुट्टीत सर्वांसमोर मी त्याला म्हणालो, "आज लई देखणा दिसालायस की रे." तो ओशाळला, टेबलावरची मंडळी हसली, एकाने शीळ घातली आणि तेव्हापासून मला 'कौतुकराव' हे नाव पडले आहे. माझ्या मनात वावगे काहीच नव्हते. पुरुषाने पुरुषाच्या दिसण्याचे कौतुक करूच नये काय? घरी माझा चौदा वर्षांचा मुलगा आरशासमोरून हलत नाही. त्यालाही काय बोलावे ते सुचत नाही.
— एक वाचक, अनगोळ

उत्तर : कौतुक जरूर करावे. आपली जागा मात्र चुकली आणि आपल्या पदाचा आपल्याला थोडा विसर पडला. त्याविषयी पुढे लिहितो.

पुरुष पुरुषांच्या रूपाविषयी बोलत नाहीत, ही समजूत आपल्या सीमाभागात तरी टिकणारी नाही. तालमीच्या तांबड्या मातीत उतरलेल्या पोराचे खांदे किती भरले, मान कशी बसली, मांड्या कशा सुटल्या, याची चर्चा वस्ताद आणि कट्ट्यावरचे म्हातारे कोणताही संकोच न बाळगता करीत असतात. खानापूरकडच्या भजनी मंडळांत पुरुष आरंभी रूपाचे अभंग म्हणतात आणि विठ्ठलाचे कटेवरचे हात, कानांतली मकरकुंडले, गळ्यातली तुळशीमाळ आळवताना त्यांचे डोळे पाणावतात. आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे 1843 साली जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी जी नाटक मंडळी उभी केली, तीत 1905 साली दाखल झालेल्या नारायणराव राजहंसांच्या, म्हणजे बालगंधर्वांच्या, रूपावर पुरुष प्रेक्षकही उघडपणे लुब्ध होते. अर्थात तेथे अंगावर शालू होता आणि भूमिका नायिकेची होती, त्यामुळे कोणाला काही खुलासा द्यावा लागत नव्हता.

वैशाखातील शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीआधी गल्लीत फेटे बांधले जातात, तेव्हा जरा लक्ष देऊन पाहा. एकजण कापडाचे टोक दातांत धरून उभा असतो, दुसरा पीळ देत वेढे चढवतो, तुरा खोचतो, पाठीवरचा शेमला ओढून सरळ करतो, मग दोन पावले मागे सरकून समोरच्याला आपादमस्तक न्याहाळतो आणि म्हणतो, "जमलं बघ मर्दा, राजा दिसालायस." तेथे कोणी शीळ घालीत नाही.

म्हणजे आपल्याकडे स्तुतीला तोटा नाही, परंतु तिला कुस्तीचे, देवाचे, नाटकाचे किंवा सणाचे निमित्त लागते. साध्या मंगळवारी, डब्याच्या वेळी, निमित्तावाचून तीच स्तुती करायची झाली तर पुरुष ती थट्टेत गुंडाळतात ("काय रे, पोरगी बघायला चाललास काय?") किंवा वस्तूवर ढकलतात ("शर्ट कितीला पडला? खडेबाजारातला काय?"). ही ढकलाढकल केवळ आपल्याकडची नव्हे. न्यूझीलंडच्या भाषाशास्त्रज्ञ जॅनेट होम्स यांनी 1988 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नोंदवलेल्या स्तुतिवाक्यांपैकी पुरुषाने पुरुषाला उद्देशून म्हटलेली वाक्ये दहात एकही भरली नव्हती आणि पुरुष एकमेकांच्या वस्तूंची वाखाणणी करण्याकडे अधिक झुकत होते. आपण निमित्तही घेतले नाही आणि थट्टेचा आडोसाही घेतला नाही, म्हणून टेबलावरच्या मंडळींनी थट्टा स्वतःच्या पदरची घातली, इतकेच.

शिळेमागचा अर्थ आपण पत्रात लिहिण्याचे टाळले आहे, म्हणून मीच लिहितो. दुसऱ्या पुरुषाला देखणे म्हणणे म्हणजे त्याच्याविषयी अभिलाषा असणे, असा तो टोमणा होता. तो दोन अंगांनी पोकळ आहे. चांगले दिसणे डोळ्यांना दिसते. ते ओठांवर आल्याने कोणाचा कल बदलत नाही. आणि एखाद्याचा कल खरोखरच तसा असला, तरी त्यात हिणवण्याजोगे काय आहे? प्रौढांनी परस्परसंमतीने ठेवलेले समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी स्पष्ट केले आहे. 'कौतुकराव' या नावावर चिडू नका आणि खुलासेही करीत बसू नका. दोन्हींमुळे नाव घट्ट होते.

आता आपल्या पदाविषयी. आपण त्या मुलाचे वरिष्ठ आहात. त्याची पाळी आणि त्याची रजा आपल्या सहीवर ठरत असणार, त्यामुळे आपले सहज बोलणेही त्याला सहज वाटत नाही. शिवाय सर्वांसमोर बोलल्याने उत्तर देण्याची जबाबदारी त्याच्यावर आली, आणि ते उत्तर त्याच्याजवळ नव्हते. हीच गोष्ट पाळी संपल्यावर, हात धुताना, चालता चालता म्हटली असती तर ती गोड लागली असती. संपूर्ण माणसाला 'देखणा' ही पदवी देण्यापेक्षा त्याने निवडलेल्या गोष्टीविषयी बोलावे: "हा कट तुला शोभतोय." एवढे बोलून आपल्या वाटेने जावे; प्रतिक्रियेसाठी थांबू नये. "उजळलास", "बारीक झालास" ही वाक्ये मात्र कटाक्षाने टाळावीत. पहिल्यात काळ्यासावळ्या रंगाचा अवमान दडलेला असतो आणि दुसरे वाक्य ज्याला उद्देशून म्हणाल, तो कदाचित नुकत्याच निघालेल्या मधुमेहाने खंगलेला असेल. त्या मुलाची माफी मागण्याची गरज मला दिसत नाही, कारण माफीने एक क्षुल्लक प्रसंग पुन्हा सगळ्या खात्यात गाजेल.

आपल्या मुलाचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. या वयात आवाज फुटतो, मिसरूड येते, कपाळावर पुटकुळ्या उठतात आणि आपण बरे दिसतो की नाही, हे मुलगा घरातल्या पुरुषाच्या नजरेत शोधतो. तेथे काही सापडले नाही, तर उत्तर द्यायला बाजार बसलेलाच आहे. पुरुषांसाठीची गोरेपणाची क्रीम आपल्याकडे 2005 पासून मिळते आणि जिममधल्या पावडरीचे डबे आता तालुक्याच्या गावीही दुकानांत मांडलेले असतात. येत्या रविवारी त्याला आपल्यासोबत न्हाव्याकडे न्या, केस कसे कापायचे ते त्यालाच ठरवू द्या आणि खुर्चीवरून उतरल्यावर "छान दिसतोयस" असे म्हणा. त्या वाक्याला "आता अभ्यासाला बस" हे शेपूट तेवढे जोडू नका.