साडेपाच वर्षांची मुलगी आणि "मना उतलून घे"

प्रश्न : ताई, माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे, तीन वर्षांची होती तेव्हापासून एकदम स्पष्ट बोलते, उलट जरा जास्तच बोलते. पण गेले दोनेक महिने घरात सतत बोबडं चालू केलंय. "आई, मना उतलून घे", "बालाला भूत लादली", असं. स्वतःला बाळ म्हणते, आवाज पण नाकातून काढते. शाळेत मात्र हे अजिबात नाही, टीचरना विचारलं तर त्यांना आश्चर्यच वाटलं. घरात नऊ महिन्यांचा धाकटा भाऊ आहे, पण तो झाला तेव्हा ती छान होती, मग आत्ता काय झालं? मी ओरडून बघितलं, दुर्लक्ष करून बघितलं, "मला काही कळत नाही" असं म्हणून पण बघितलं. एकदा वैतागून तिची नक्कल केली तर ती इतकी रडली की मलाच रडू आलं. तिचे बाबा हसतात, आजीला गोड वाटतं. मला ते ऐकलं की डोक्यातच जातं, आणि पोटच्या पोरीचा इतका राग येतो याची लाज वाटते ते वेगळंच. हे असंच राहिलं तर?
– वैतागलेली आई

उत्तर : आधी त्या लाजेचं बघू. मोठं मूल तान्ह्या बाळाच्या सुरात बोलायला लागलं की बहुतेक आयांच्या डोक्यात जातं, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. तो सूरच असा असतो की मोठ्या माणसाला दुर्लक्ष करता येऊ नये. तान्ह्या बाळासाठी ते बरोबरे, पण दिवसभर एका खऱ्या बाळाचं ऐकून झाल्यावर दुसरं खोटं बाळ सुरू झालं तर कोण हसतमुख राहणार?

तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्यावर थांबले. "तो झाला तेव्हा ती छान होती, मग आत्ता काय झालं?" उत्तर त्याच पत्रात आहे हो. तुमचा मुलगा नऊ महिन्यांचा आहे. साधारण सहा-सात महिन्यांपासून बाळं "बाबाबा, दादादा" सुरू करतात. तोपर्यंत तो नुसता झोपणारा, दूध पिणारा गोळा होता, त्याच्याशी हिची काही स्पर्धाच नव्हती. आता तो "बा" म्हणाला की अख्खं घर टाळ्या वाजवतं, बाबा फोन काढतात, आजी दृष्ट काढते. आणि ही शाळेतून आल्या आल्या आख्खी गोष्ट सांगते, व्याकरणासकट, तर तिला उत्तर मिळतं "हो हो, आधी हात धू." तिने बघितलं आणि हिशोब केला, बस. हुशार आहे पोरगी.

शाळेत स्पष्ट बोलते ही चांगली खूण आहे. म्हणजे उच्चार येतात, ऐकू नीट येतं, बोबडं कुठे चालतं आणि कुठे नाही हेही तिला पक्कं माहितीये. कायमची सवय वगैरे लागायची भीती मला तरी वाटत नाही.

आता तुम्ही केलेल्या उपायांबद्दल. "मला काही कळत नाही" हा सल्ला सगळीकडे देतात, मला तो पटत नाही, कारण तुम्हाला कळलेलं असतं आणि तिला ते माहीत असतं. मग ती तेच अजून जोरात, अजून बोबडं सांगते आणि तुम्ही दोघी एक नाटक करत बसता. त्यापेक्षा खरं सांगा, "मला कळलं तुला काय हवंय, तुझ्या नेहमीच्या आवाजात सांग, लगेच देते." एकदाच, भाजीचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात. नंतर आपलं काम चालू ठेवायचं, आणि ती नीट बोलली की त्याच क्षणी हातातलं टाकून वळायचं, ही दुसरी बाजू बहुतेक जण विसरतात. दुर्लक्ष केलं म्हणता ना, ते एकटं कधी पुरत नाही, नीट बोलण्याकडेही दुर्लक्षच झालं तर तिने करायचं काय?

बाबा आणि आजींना मात्र कोपऱ्यात घ्या. तुम्ही नऊ वेळा प्रतिसाद दिला नाही आणि दहाव्या वेळी बाबा हसले, तर ते दहावं हसू त्या सवयीला सगळ्यात जास्त घट्ट करतं, कारण मग तिला वाटतं अजून थोडं ताणलं की मिळतंच. आणि हे सुरू केल्यावर पहिले काही दिवस बोबडं कमी व्हायच्या ऐवजी वाढेल. तिथेच सगळे हात टेकतात. तुम्ही नका टेकू.

एक शब्द पण गाळा, "तू आता मोठी झालीस ना". तिच्यासाठी मोठं होणं म्हणजे मांडी सोडणं, खेळणं देऊन टाकणं, थांबणं. त्या मोठेपणात तिला काय मिळालंय आत्तापर्यंत? कौतुक करायचं तर नेमकं करा, "तू सगळं नीट सांगितलंस म्हणून मला कळलं तुझं भांडण कशावरून झालं ते."

आणि तिला बाळ व्हायचंय तर होऊ दे की, पण ठरवून. धाकटा झोपला की दहा मिनिटं "बाळ-बाळ" खेळा. चादरीत गुंडाळा, मांडीवर झुलवा, ती इतकी असताना काय काय करायची ते सांगा, जुने फोटो दाखवा. त्या वेळात हवं तेवढं बोबडं बोलू दे, तुम्ही पण बोला. बऱ्याच मुलांना चार-पाच दिवसांत त्याचा कंटाळा येतो, "आता पुरे, मला उतरव" असं स्पष्ट मराठीत ऐकू येतं.

बाकी, हेच बोबडं शाळेतही सुरू झालं, आधी येणारे शब्द येईनासे झाले, किंवा ती गप्प गप्प, एकटी राहायला लागली तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. नक्कल मात्र परत करू नका. झाली त्याबद्दल तिला सॉरी म्हणून टाका, साध्या शब्दात, लांबण न लावता.

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. "र" ला "ल" म्हणतो, "लंग", "घल". आम्ही रोज दहा वेळा म्हणून घेतो, तो चिडतो. मुद्दाम करतो का?
– एक बाबा

उत्तर : नाही हो, मुद्दाम नाही. "र" हा उशिरा येणारा आवाज आहे, जिभेला ती कसरत जमायला काही मुलांना पाच-सहा वर्षं लागतात. दहा वेळा म्हणून घेणं आजपासून बंद. तो "लाल लंग" म्हणाला की तुम्ही "हो, लाल रंग" म्हणा आणि पुढे चला. चार वर्षांचा होईपर्यंत बाहेरच्या माणसांना त्याचं बहुतेक बोलणं कळायला हवं. तसं झालं नाही, किंवा मागून हाक मारली तर वळत नाही असं वाटलं, तर आधी कान तपासून घ्या, मग स्पीच थेरपिस्टकडे जा.