सिरॅमिक फिनिशिंगच्या कामाला लागताना : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : सिरॅमिक पार्टच्या कारखान्यात फिनिशिंग विभागात काम मिळतंय. मशीनचा अनुभव अजिबात नाही. सुरुवातीला काय करायला लावतात?

बहुतेक ठिकाणी धुणं, चिकटवणं, काठ मारणं (काठांची धार मोडणं), मोजणं आणि ट्रे भरणं. ॲल्युमिना किंवा झिर्कोनिया या सिरॅमिकची पावडर दाबून पार्टला आकार देतात आणि मग भट्टीत भाजतात. ॲल्युमिनासाठी भट्टीचं तापमान साधारण 1500 ते 1700 अंश सेल्सिअस असतं. भाजताना पार्ट आकसतो. 120 मिमीचा कच्चा तुकडा जवळपास 100 मिमीचा होऊन बाहेर येतो आणि प्रत्येक तुकडा अगदी सारखा आकसेल याची खात्री नसते. म्हणून नेमकं माप नंतर ग्राइंडिंगने काढावं लागतं. भट्टीआधी खडूसारखा असलेला हा माल भाजल्यावर इतका कठीण होतो की डायमंड व्हीलशिवाय (हिऱ्याचे कण बसवलेल्या चाकाशिवाय) तो सहजी कापला जात नाही.

सिरॅमिकला चुंबक धरत नाही. त्यामुळे मॅग्नेटिक चकवर (चुंबकाने पकडणाऱ्या मशीनच्या टेबलावर) जॉब, म्हणजे घासायचा पार्ट, थेट बसत नाही, तो गरम मेणाने लोखंडी प्लेटवर चिकटवतात. हे काम नवख्याकडे येतं आणि या कामाला कोणी फारसं महत्त्व देत नाही. पण मेणाखाली कचऱ्याचा कण राहिला तर जॉब तिरका बसतो आणि पुढचं सगळं ग्राइंडिंग वाया जातं.

प्रश्न : महिनाभर झाला, माझ्या हातून काठाच्या चिपा उडतात. सुपरवायझर म्हणतात, ‘तुझा हात जड आहे.’ हात हलका कसा करू?

‘हात जड’ हे निदान नव्हे, वैताग आहे. चिप कुठे आणि केव्हा दिसते, ते आधी बघा.

व्हील ज्या बाजूने बाहेर पडतं, त्याच काठावर दर वेळी चिप निघत असेल तर त्या काठाला मागून आधार नाही किंवा तिथे फीड (जॉब किंवा व्हील पुढे सरकण्याचा वेग) जास्त आहे. लोखंड अशा वेळी थोडं वाकतं, त्याला बर (काठावर उरणारा पातळ ओठ) येते. सिरॅमिक वाकत नाही, सरळ तुटतं. बाहेर पडताना फीड कमी करणं, मागे टाकाऊ तुकडा चिकटवून आधार देणं किंवा आधीच त्या काठाला बारीक चॅम्फर (तिरका उतार) मारणं, यांतलं काहीतरी सहसा लागू पडतं. मात्र फीड स्वतःच्या मनाने बदलू नका, सेटरला (मशीन लावून देणाऱ्याला) दाखवा.

सगळ्याच काठांवर बारीक दातरे दिसत असतील तर संशय व्हीलवर घ्या. हिऱ्याचे कण बोथट झाले किंवा व्हीलमध्ये माल भरला की ते कापायचं सोडून दाबायला लागतं. आवाज बदलतो, कूलंट (थंड ठेवणारं पाणी) चालू असूनही जॉब तापतो. व्हीलला ड्रेसिंग, म्हणजे तोंड साफ करून पुन्हा धार आणणं, हवं.

आणि मशीनवरून उतरवताना जॉब चांगला होता, धुतल्यावर चिप दिसली, तर दोष हाताळणीचा. पार्ट एकमेकांवर आपटतात, लोखंडी टेबलावर टेकतात. ट्रेमध्ये प्रत्येकाला वेगळा खण ठेवा. मेण सुटण्याआधी जॉब उपटू नका.

या तिन्हींत ‘जड हात’ फार तर शेवटच्या प्रकारात येतो. आठवडाभर चिपा कुठे निघाल्या ते ड्रॉइंगच्या झेरॉक्सवर खुणा करून ठेवा. तो कागद सुपरवायझरपुढे ठेवला की बोलणं हातावरून व्हीलवर येईल.

प्रश्न : बारीक चिप इन्स्पेक्शनमधून सुटेल असं वाटतं. पॉलिश करून पुढे पाठवली तर?

पाठवू नका. चिप पुसली गेली तरी तिच्यातून आत गेलेली भेग राहू शकते. ताण आला की सिरॅमिक भेगेपासूनच फुटतं, तेही आधी काही न जाणवता. किती मोठी चिप चालेल ते ड्रॉइंगमध्ये लिहिलेलं असतं, ते ठरवणं तुमचं काम नाही.

प्रश्न : मी मोजलं की माप बरोबर, क्वालिटीवाले मोजतात तेव्हा 5 मायक्रॉनचा (0.005 मिमी) फरक. कोण चूक?

बहुधा कोणीच नाही, तापमान वेगळं आहे. मापं 20 अंश सेल्सिअसला धरतात. 100 मिमी पोलाद 10 अंशांनी तापलं की साधारण 11-12 मायक्रॉन वाढतं, तेवढंच ॲल्युमिना त्याहून कमी. म्हणजे गरम हातात बराच वेळ धरलेला मायक्रोमीटरही आकडा बदलतो. जॉब मशीनवरून काढल्या काढल्या मोजू नका. कूलंट आणि मेणाचा थर नीट पुसा, मायक्रोमीटरचं रॅचेट (ठरावीक दाबानंतर घसरणारी मूठ) वापरा, शिफ्टच्या सुरुवातीला गेज ब्लॉकवर (नेमक्या मापाच्या ठोकळ्यावर) शून्य तपासा. जॉब मायक्रोमीटरच्या तोंडातून ओढून काढू नका. सिरॅमिक कठीण आहे, झिजेल ते तोंड.

पांढऱ्या पार्टवर करड्या रेघा दिसल्या तर त्याही बहुतेक वेळा ओरखडे नसतात, लोखंड घासून लागलेलं असतं. प्लॅस्टिकचा चिमटा वापरला की प्रश्न मिटतो.

प्रश्न : धुळीची भीती वाटते. मास्क पुरेसा आहे का?

ग्राइंडिंग ओलं असतं, तोवर धूळ कमी उडते. खरा त्रास मशीनवर वाळलेल्या गाळाचा आणि कच्चे पार्ट कोरडे घासण्याचा. हवेच्या नळीने मशीन झाडायची सवय अनेक ठिकाणी असते, ती वाईटच. ओल्या फडक्याने पुसा किंवा बारीक धूळ अडवणारा व्हॅक्यूम वापरा. कोरड्या घासकामाला धूळ खेचणारी यंत्रणा आधी हवी, तोंडाला घट्ट बसणारा मास्क त्यानंतर. कापडी रुमाल उपयोगाचा नाही.

कोणता माल आहे, हेही विचारा. मालात स्फटिकी सिलिका असेल तर श्वासावाटे गेलेल्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. बेरिलियम ऑक्साइड असेल तर वेगळी, कडक व्यवस्था असल्याशिवाय त्या कामाला हात लावू नका. कारखान्याकडे प्रत्येक मालाचं सुरक्षा माहितीपत्रक असायला हवं. ते तुम्हाला कळेल अशा भाषेत समजावून मागा, पहिल्याच आठवड्यात.