चाळिशीनंतर उन्हाने चेहरा रापला, वांगाचे डाग आले, मेडिकलच्या क्रीमने आणखी बिघडलं. आता काय करावं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि बारा वर्षांपूर्वीचा माझाच चेहरा डोळ्यांपुढे आला. तुम्ही लिहिलंय की वय ४४ आहे, दोन्ही गालांवर आणि ओठांच्या वर तपकिरी डाग आलेत, मान आणि हात रापून खरबरीत झालेत. मेडिकलमधून आणलेल्या क्रीमने दोन महिने चेहरा उजळला आणि आता ती एक दिवस लावली नाही तरी आग होते. हे कमी होतं का, आणि सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय. कमी होतं. पण सुरुवात डागांपासून करायची नाही, त्या क्रीमपासून करायची.

मी डॉक्टर नाही. बार्शी तालुक्यातल्या एका शाळेत २६ वर्षं खेळाची शिक्षिका आहे. प्रार्थनेपासून खो-खोच्या सरावापर्यंत सगळा दिवस मैदानावर गेला, आणि जिल्हास्तरीय स्पर्धांच्या दिवसांत तर सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. एकेचाळिसाव्या वर्षी गालांवर डाग दिसायला लागले तेव्हा एका सहकारी बाईंनी ट्यूबचं नाव सांगितलं. दुकानदाराने काही न विचारता दिली. पंधरा दिवसांत चेहरा इतका उजळला की मीच चार जणींना ती सुचवली, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. मी ती चौदा महिने लावली. शेवटी शेवटी गाल लालबुंद, त्यावर बारीक शिरा, हनुवटीवर लव आणि पुळ्या. चुलीपुढे गेलं तरी चेहरा पेटल्यासारखा व्हायचा.

घरातली ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. अनेकदा सोबत रंग फिकट करणारं हायड्रोक्विनोन आणि कातडीची सालपटं काढणारं ट्रेटिनोइनही असतं. ही तीन औषधांची जोडणी काही फसवी नाही. १९७५ साली अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या त्वचारोगतज्ज्ञांनी ती मांडली आणि वांगावर ती खरोखर गुण देते. पण ती डॉक्टरांच्या नजरेखाली मोजके आठवडे वापरायची असते. आपल्याकडे मात्र ती फेअरनेस क्रीमसारखी वर्षानुवर्षं लावली जाते. स्टिरॉइडमुळे कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि बंद केलं की दाबून ठेवलेली सूज उसळून वर येते. तुमची आग ही तीच. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच क्रीम्स शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरीही ती मिळतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

आग होते म्हणून पुन्हा तीच क्रीम लावू नका, आणि नेटवर वाचून स्वतःच काही सुरूही करू नका. याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, पार्लरमध्ये नाही. माझ्या डॉक्टरबाईंनी आधी सौम्य स्टिरॉइडवर आणलं, मग ते एक दिवसाआड, मग बंद, आणि मध्ये टॅक्रोलिमस नावाचं स्टिरॉइड नसलेलं मलम. साधा बिनवासाचा मॉइश्चरायझर आणि सौम्य फेसवॉश, बाकी सगळं बंद. चेहरा शांत व्हायला मला पाच महिने लागले. त्या काळात डाग आधीपेक्षा गडद दिसले. हा टप्पा फार जड जातो. लग्नाकार्यात बायका तोंडावर विचारतात, आणि मन त्याच ट्यूबकडे ओढ घेतं. तुमच्याही बाबतीत असं होईल, तेव्हा हे आठवा. तुम्ही जितके दिवस क्रीम लावलंय त्यावर तुमचा काळ ठरेल, आणि दोन महिने म्हणजे माझ्यापेक्षा फार कमी आहेत.

आता उन्हाचं. डॉक्टरबाईंनी मला बाही वर करायला सांगितली आणि म्हणाल्या, दंडाची आतली बाजू बघा आणि मग मनगटाची वरची बाजू बघा. दोन्ही कातडी एकाच बाईची, एकाच वयाची. दंडाची आतली बाजू मऊ, एकसारख्या रंगाची होती. मनगटावर ठिपके, जाडसरपणा, बारीक आडव्या रेषा. त्यांच्या शब्दांत सांगायचं तर, आतली बाजू हे तुमचं वय आणि बाहेरची बाजू म्हणजे वय अधिक ऊन. तुम्हीही आज रात्री करून बघा. वयामुळे असं होणारच, असं ज्याला आपण म्हणतो त्यातला मोठा भाग वयाचा नसतोच, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील (यूव्ही) किरण दोन प्रकारचे असतात. यूव्हीबी कातडीच्या वरच्या थरात भाजतात. यूव्हीए खोल जातात, कातडीला ताण देणारं कोलॅजन तोडतात आणि लवचीक धाग्यांचे गुंते करतात. गोऱ्या लोकांत याच्या सुरकुत्या लवकर दिसतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत आधी रंग बिघडतो. डाग, ठिपके, कपाळ एका रंगाचं आणि गाल दुसऱ्या रंगाचे, मानेमागे जाड घड्या. सुरकुत्या मागून येतात. म्हणून परदेशी जाहिरातीतली सुरकुत्यांची क्रीमं बघून आपण आपला इलाज ठरवायचा नाही.

यूव्हीए काचेतूनही येतात. २०१२ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षं ट्रक चालवणाऱ्या माणसाचा फोटो छापला होता. खिडकीकडचा डावा गाल लोंबलेला, खोल सुरकुत्यांचा, आणि उजवा त्या मानाने कितीतरी तरुण. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा घरात कुणी वर्षानुवर्षं एसटी किंवा ट्रक चालवत असेल तर त्यांचे दोन्ही हात शेजारी ठेवून बघा.

मात्र चेहऱ्यावरचं सगळं काळं उन्हाचं नसतं, आणि डॉक्टरांकडे जाण्याचं हे दुसरं कारण. मान मखमलीसारखी जाड आणि काळी झाली असेल, काखेतही तसंच असेल, तर ते बहुधा इन्शुलिनशी जोडलेलं असतं. घासून काही होत नाही, साखर तपासावी लागते. केसांच्या कडेला, कानापुढे, कपाळावर राखाडी-काळी छटा असेल तर हेअर डायचा संशय घ्यावा लागतो. टिकलीच्या गोंदानेही कपाळावर डाग राहतो. गालांवर आणि मानेवर उडदाच्या डाळीएवढे काळे उंचवटे येतात, ते वांग नव्हे आणि क्रीमने जातही नाहीत. डॉक्टर ते सुईने हलके जाळून काढतात, आणि नाही काढले तरी अपाय नसतो. हातापायांवर तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके येतात. आमच्या शाळेतल्या एका मावशी कोड समजून दोन वर्षं झुरत होत्या. तो कोडाचा प्रकारच नव्हता, वय आणि उन्हाने रंगपेशी कमी झाल्याचे ते ठिपके. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी, विशेषतः हायड्रोक्लोरोथायझाइड असलेल्या, ऊन जास्त बाधतं. गोळी स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. गालांवर लाली, सोबत सांधे दुखतात, केस गळतात, ताप येतो असं असेल तर रक्ताच्या तपासण्या लागतात. आणि चेहऱ्यावर एखादी गाठ किंवा फोड महिना-दीड महिन्यात भरत नसेल, खपली धरून पुन्हा रक्त येत असेल, तीळ आकार किंवा रंग बदलत असेल, तर लाजू नका, उशीर करू नका. आपल्या कातडीत उन्हाने होणारा कॅन्सर कमी आढळतो. पण होतो, आणि सुरुवातीला तो साधा काळा ठिपका वाटू शकतो.

तुमचे डाग दोन्ही गालांवर सारखे आणि ओठांवर आहेत, म्हणजे ऐकून तरी वांगाचेच वाटतात. त्याला ऊन एकटं जबाबदार नसतं. बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या, आईकडून आलेला वारसा हेही त्यात असतं. रंग वरच्या थरात असेल तर तपकिरी दिसतो आणि लवकर निवळतो. खाली उतरला असेल तर निळसर-राखाडी दिसतो आणि चिवट असतो.

सगळ्या औषधांपेक्षा मोठा उपचार सावलीचा. आमचे विज्ञानाचे सर मे महिन्यात मुलांना शून्य सावलीचा दिवस दाखवतात, मैदानात काठी रोवून. भर दुपारी काठीची सावली तिच्याच पायाशी नाहीशी होते. मी त्यावरून मुलांना एक नियम शिकवला: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हा ऊन जोराचं आहे, झाडाखाली या. सराव सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी पाचनंतर नेला. मुख्याध्यापकांशी त्यासाठी भांडावं लागलं, पण आता मुलांच्याही डोक्यावर टोप्या असतात.

गाडीवर जाताना सनकोट आणि स्कार्फ वापरत असाल तर फार चांगलं. स्कार्फ दाट विणीचा, गडद रंगाचा घ्या. पातळ शिफॉनमधून ऊन आत येतं. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा ५०, आणि ट्यूबवर PA असं लिहिलेलं असतं (यूव्हीए किती अडतं त्याची खूण), त्यापुढे किमान तीन अधिक चिन्हं (+++). आपण लावतो फार कमी. तर्जनी आणि मधलं बोट यांवर मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा काढा, तेवढं चेहरा आणि मानेला लागतं. घाम पुसला की ते गेलं, म्हणून बाहेर असाल तर दोन-अडीच तासांनी पुन्हा. वांगासाठी मी एक गोष्ट आग्रहाने सांगेन: रंगीत, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन घ्या, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं. सावळ्या कातडीत नुसता दिसणारा प्रकाशही डाग गडद करतो आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. मला हे चार वर्षं उशिरा कळलं. त्याआधी मी दर उन्हाळ्यात मिळवलेलं थोडंफार गमावत होते.

चाळिशीनंतर सनस्क्रीन लावून काय उपयोग, जे व्हायचं ते झालं, असं पुष्कळ जण म्हणतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नंबॉर गावात १९९२ ते १९९६ या काळात याची नीट चाचणी झाली. ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांच्या हाताच्या पाठीचे ठसे सुरुवातीला आणि साडेचार वर्षांनी घेतले. निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं होतं, निम्म्यांना त्यांच्या मर्जीवर सोडलं होतं. रोज लावणाऱ्यांच्या कातडीचं म्हातारपण २४ टक्के कमी भरलं. ती माणसं बहुतेक गोरी होती आणि मोजमाप कातडीच्या पोताचं होतं, डागांचं नव्हे, तेव्हा जसंच्या तसं आपल्याला लागू करता येणार नाही. पण मधल्या वयात सुरू करूनही फरक पडतो, एवढं त्यातून नक्की कळतं.

औषधांबद्दल थोडक्यात, कारण ती डॉक्टरच ठरवतील. चेहरा शांत झाल्यावर मला आधी ॲझेलाइक ॲसिड दिलं, ते सौम्य असतं. मग रात्री ट्रेटिनोइन ०.०२५ टक्के, वाटाण्याएवढंच, आठवड्यातून दोनदा, आधी मॉइश्चरायझर लावून. पहिले काही आठवडे सालपटं निघतात. हे कोलॅजनलाही मदत करतं, म्हणजे मानेचा-हातांचा खरबरीतपणाही कमी होतो, पण गरोदरपणात वापरायचं नसतं. हायड्रोक्विनोन काही महिनेच. लांबवलं तर कातडीत निळसर-काळा रंग बसतो आणि तो निघणं महाकठीण. ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्यांनीही गुण येतो, पण रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, हृदयविकार असं स्वतःला किंवा घरात असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. लेझरची घाई करू नका. आपल्या रंगाच्या कातडीत त्याच्या उष्णतेने वांग उलट गडद होऊन परत येऊ शकतं.

आणि घरगुती उपाय: चेहरा शांत झाल्यावर बेसन-दही लावलंत तर बिघडत नाही. लिंबू मात्र लावू नका. लिंबाचा रस लागलेली कातडी उन्हात भाजल्यासारखी होते आणि तिथे नवा काळा डाग राहतो. खसखसून घासणं, स्क्रब, ब्लीच हेही नको. वांग म्हणजे मळ नव्हे. घासून कातडी चिडते आणि आणखी रंग तयार करते.

मला ट्यूब सोडल्यापासून समाधानकारक चेहरा यायला साधारण दीड वर्ष लागलं. डाग सत्तर टक्के गेले असं मी म्हणेन. उरलेले एप्रिल-मेमध्ये थोडे वर येतात, पावसाळ्यात फिकटतात.

डॉक्टरांकडे जाताना एका पिशवीत हे घेऊन जा: आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, हेअर डायचं खोकं, रोजच्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स, आणि पाच-सात वर्षांपूर्वीचा साधा, फिल्टर नसलेला फोटो. किती दिवस काय लावलं ते खरं सांगा, डॉक्टर रागावले तरी. ट्यूबवर मागे जी औषधांची नावं आहेत ती इथे प्रतिक्रियेत लिहिलीत तर त्यात स्टिरॉइड आहे का, एवढं मी आज रात्रीच वाचून सांगते.