आफ्रिकेतल्या खेड्यात आरोग्य स्वयंसेविका म्हणून जायचं आहे. कोणती संस्था चांगली आणि खर्च किती येतो?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही चिपळूणच्या, बी.ए. झालेल्या, आणि घरचे विचारतात, "इथे काय रोगी कमी आहेत?" हेच वाक्य माझ्या थोरल्या भावाने मला ओटीवर दहा माणसांसमोर ऐकवलं होतं, म्हणून लिहायला बसले.

गुहागर तालुक्यात एकोणतीस वर्षं आरोग्य सेविका होते. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी एका लहान संस्थेतर्फे आफ्रिकेतल्या मलावी देशात गेले आणि तिथल्या मोठ्या सरोवराकाठच्या गावात सहा महिने राहिले. त्या पाण्यात बिल्हार्झिया नावाच्या रोगाचे जंत आहेत. गोड्या पाण्यातल्या गोगलगाईतून हा जंत बाहेर पडतो आणि पाण्यात उभ्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो. पुढे लघवीतून रक्त जायला लागतं. मला हे नवीन नव्हतं. आमच्याच तालुक्यातल्या गिमवी गावात गाडगीळ आणि शाह या डॉक्टरांनी १९५२ साली याच रोगाचं ठाणं शोधून काढलं होतं. त्यामुळे मला वाटलं, आपल्याला यातलं कळतं. पहिल्याच आठवड्यात बायका गोळा केल्या आणि दुभाष्याकरवी सांगितलं, "सरोवरात उतरू नका." त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उठून गेल्या.

तिथे आपल्या आशाताईंच्या जागी सरकारी पगारावरचा आरोग्य कार्यकर्ता असतो. आमच्या गावचा पन्नाशीचा होता, सायकलवर फिरायचा. दुसऱ्या दिवशी उजाडताना तो मला काठावर घेऊन गेला. बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून भांडी घासत होत्या. त्याच पाण्यातून हंडे भरत होत्या. पुरुष कमरेएवढ्या पाण्यात जाळं ओढत होते, अगदी आपल्या रापणीसारखं. मांडवावर उसिपा नावाची बारीक मासळी वाळत होती आणि वास थेट आपल्या सुकटीचा. तो म्हणाला, "यातलं काय बंद करायला सांगू?"

मला आमच्याकडचा लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाचा, पावसाळा आठवला. वरून आलेले साहेब भर लावणीत बायांना सांगायचे, चिखलात उतरू नका, गमबूट घाला. चिखलणीच्या शेतात गमबूट पायातून निघून तिथेच रुततो. त्या साहेबांवर मी वर्षानुवर्षं चिडले होते आणि परक्या गावात जाऊन तेच केलं. त्या दिवसानंतर महिनाभर मी कुणाला काही सांगितलं नाही. त्याच्या मागून घरोघर फिरले आणि चिचेवा भाषा शिकले.

मग शाळेत प्राझिक्वांटेलच्या, म्हणजे बिल्हार्झियावरच्या औषधाच्या, गोळ्या द्यायचा दिवस आला. मुलांना उंची मोजायच्या खुणा केलेल्या काठीपाशी उभं करतात आणि उंचीवरून गोळ्या ठरवतात, वजनकाटा लागत नाही. पण गोळी कडू, आणि उपाशीपोटी घेतली की मळमळतं. मुलं घरून न खाताच आलेली. एक मुलगा गोळी गालात धरून तसाच उभा होता, डोळ्यांत पाणी. पुढच्या वेळी मी चार आयांना बोलावलं, त्यांनी मक्याचं पीठ आणलं, आणि आम्ही पहाटे शाळेच्या मागे चूल मांडली. तिकडे त्याला फाला म्हणतात, आपली पेजच ती. सगळ्यांना वाटीभर पाजली आणि मग गोळी दिली. सहा महिन्यांत माझ्या हातून झालेलं खरं काम एवढंच, पण ते मी मानाने सांगते.

आता संस्थेचं. तीन आठवड्यांसाठी तुमच्याकडूनच भरमसाट फी घेऊन नेणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. तीन आठवड्यांत नमस्कारसुद्धा नीट येत नाही, तुमच्यामागे फिरण्यात तिथल्या माणसाचा वेळ मात्र जातो. यूएन व्हॉलंटिअर्स ही संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवकांची संस्था राहण्याखाण्याचा भत्ता देते, १८ ते २६ वयाच्यांसाठी त्यांच्याकडे वेगळा गट आहे. जे काम करायची परवानगी तुम्हाला इथे नाही, ते तिथेही करू नका. इंजेक्शनला तर हातच लावू नका, मग कुणी कितीही आग्रह करो.

आणि घरच्यांच्या प्रश्नाचं. आमचे दादा चाळीस वर्षं लालबागच्या खोलीत राहिले. "गावात कामं कमी होती का?" असं त्यांना कधी कुणी विचारलं नाही. आमच्या वाडीतली निम्मी पोरं आखातात नाहीतर बोटीवर आहेत, सुट्टीवर आली की घरोघर त्यांना जेवणाचं आमंत्रण असतं. पुरुष पैशासाठी गेला तर कर्तबगार, आणि बाई कामासाठी गेली की तिच्याकडे गावाचा हिशोब मागायचा. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

तरी एक सांगते. मी गेले ती एकोणतीस वर्षं गृहभेटी करून गेले. तुम्ही अजून एकही केलेली दिसत नाही. निदान वर्षभर एखाद्या आशाताईबरोबर फिरा, तेही पावसाळा धरून, पऱ्याला पाणी आल्यावर पलीकडच्या वाडीत बाळंतिणीला बघायला कसं जायचं ते कळेपर्यंत. त्यानंतर अर्ज करा.

खर्चाचं विचारलंत. राहणं-जेवण संस्थेकडे होतं. तिकीट मी माझ्या ग्रॅच्युइटीतून काढलं, दादांकडे एक रुपया मागितला नाही.