वाचकांचे प्रश्न : खाजेची गोळी आणि हृदयाचा ठोका

प्रश्न : आईचं वय ७०. नायट्यासाठी तिला इट्राकोनॅझोल आणि खाजेसाठी हायड्रॉक्सिझिन २५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिलंय. पाय सुजतात म्हणून फुरोसेमाइड आधीपासून चालू आहे. ॲलर्जीच्या गोळ्यांनी ठोके बिघडतात असं ऐकलं. गोळ्या बंद करू का?

उत्तर : सगळ्याच ॲलर्जीच्या गोळ्यांनी ठोके बिघडत नाहीत. हायड्रॉक्सिझिन मात्र जपून द्यावं असंच औषध आहे, आणि आईच्या बाबतीत धोका वाढवणाऱ्या गोष्टी बऱ्याच जुळून आल्या आहेत. पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करून तिन्ही औषधं वाचून दाखवा. फुरोसेमाइड आपल्या मनाने थांबवू नका.

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, तेव्हा कुठे त्या पुढच्या ठोक्याला तयार होतात. हायड्रॉक्सिझिन ही वाट काहीशी अडवतं. मग ईसीजीत ‘क्यूटी’ हा, ठोका सुरू झाल्यापासून पेशी पुन्हा तयार होईपर्यंतचा काळ लांबतो. बायकांमध्ये ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी ४६० मिलिसेकंदांच्या वर गेला तर लांबलेला समजतात. ५०० च्या पुढे धोका बराच वाढतो. अशा वेळी अचानक अतिवेगवान, वेडीवाकडी लय सुरू होऊ शकते. ती बहुधा आपोआप थांबते, माणूस चक्कर येऊन पडतो आणि सावरतो. थांबली नाही तर जीव जातो.

फुरोसेमाइडमुळे लघवीवाटे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम जातं, आणि रक्तात ती कमी पडली की लय बिघडण्याचा धोका वाढतो. इट्राकोनॅझोल यकृतातलं औषधं मोडणारं एक विकर (एन्झाइम) रोखतं, त्यामुळे हायड्रॉक्सिझिनचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. इट्राकोनॅझोल थांबवल्यावरही हा परिणाम एक-दोन आठवडे रेंगाळतो. युरोपातल्या नियामकांनी २०१५ साली हायड्रॉक्सिझिनची कमाल मात्रा प्रौढांना दिवसाला १०० आणि वयस्करांना ५० मिलिग्रॅम ठरवली, आणि वयस्करांना शक्यतो देऊच नका असं सांगितलं. आईला ७५ चालू आहे.

हेच दुखणं टर्फेनाडिन या ॲलर्जीच्या जुन्या गोळीचं होतं. बुरशीवरच्या किटोकोनॅझोलसोबत किंवा एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकसोबत घेतलं की ते रक्तात साठायचं. १९९८ मध्ये अमेरिकेत ते बाजारातून गेलं आणि त्याच्यापासूनच शरीरात तयार होणारं, हृदयाला त्रास न देणारं फेक्सोफेनाडिन त्याच्या जागी आलं. हायड्रॉक्सिझिनपासून शरीरात तयार होतं ते सेटिरिझिन, आणि नेहमीच्या मात्रेत त्याने क्यूटी लांबत नाही. म्हणून ‘सेटिरिझिन चालेल का?’ असं डॉक्टरांना विचारा. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, तेव्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघूनच मात्रा ठरते. या वयात बऱ्याचदा १० ऐवजी ५ मिलिग्रॅम पुरतं.

आणखी एक, आणि माझ्या मते हे सर्वांत महत्त्वाचं : पाय हृदय कमजोर झाल्याने सुजत असतील, तर नायट्यासाठी इट्राकोनॅझोल देऊच नये. ते हृदयाचं आकुंचन आणखी कमी करतं. सुजेचं कारण त्वचेच्या डॉक्टरांना माहीत आहे का, ते आधी विचारा. सोबत ईसीजी, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम करून घ्या. आई भोवळ येऊन पडली, तर लगेच शुद्धीवर आली तरी गोळ्यांची पाकिटं घेऊन तातडीने रुग्णालयात न्या.

प्रश्न : सर्दीची गोळी घेतली की छातीत धडधडतं. सेटिरिझिनमुळे का?

उत्तर : पाकिटामागचे घटक वाचा. ‘फेनिलेफ्रिन’ किंवा ‘स्यूडोएफेड्रिन’ असेल तर बहुधा दोष त्याचा. नाक मोकळं करणारी ही औषधं रक्तदाबही वाढवतात. शिंका आणि वाहतं नाक एवढंच असेल, तर साधं सेटिरिझिन पुरे. तरीही धडधड राहिली तर ती चालू असतानाच ईसीजी काढून घ्या. नंतर काढलेला बहुतेक वेळा नॉर्मलच येतो.