चेहऱ्याच्या नसेचं दुखणं असताना दाढ काढायची असेल तर

आधी दुखणं दाढेचंच आहे ना, हे पक्कं करा. विजेचा झटका बसावा तशी कळ येऊन काही सेकंदांत थांबत असेल, तर दोष नसेचा असू शकतो. मग दाढ काढली तरी चांगली दाढ जाते आणि कळ तशीच राहते. एक्स-रे आणि थंड लावून दाढेची तपासणी झाल्याशिवाय होकार देऊ नका.

कार्बामाझेपिन (नसेच्या या दुखण्यावरचं औषध) चालू असेल तर त्या दिवशीची गोळी अजिबात चुकवू नका. डेंटिस्टला नाव आणि डोस लिहून द्या. सोबत क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं, तर कार्बामाझेपिनचं रक्तातलं प्रमाण वाढून चक्कर येते, तोल जातो. कुठे स्पर्श झाला की कळ उठते, ती जागा बोटाने दाखवा. नंतर गालावर बर्फ सांगतील. गारव्याने कळ येत असेल तर तसं आधीच सांगा.