बातमी खानापुरातली, अर्ज बॉनला

बेळगावकडून बीबीसी, डॉइचे वेले अशा परदेशी माध्यमसंस्थेत पत्रकार म्हणून अर्ज करायचा तर आधी संस्थेच्या भाषा बघ. बीबीसी मराठीचं काम २०२४ पासून कलेक्टिव्ह न्यूजरूम ही वेगळी कंपनी करते, तिथल्या जागा तिच्याकडूनच निघतात. डॉइचे वेले ही बॉनची जर्मन प्रसारण संस्था, तिला मराठी सेवा नाही. तिथं हिंदी किंवा इंग्रजीवर उभं राहावं लागेल, शिवाय जर्मन किती लागते तेही वाचून घे. भाषांच्या रकान्यात नुसतं 'मराठी, कन्नड, हिंदी' लिहू नकोस. मुलाखत कशात घेता येते, कॉपी म्हणजे बातमीचा मजकूर कशात लिहिता येतो, ते वेगवेगळं सांग. बेळगावच्या पोरांचं खरं बळ तिथंच आहे आणि बहुतेक जण ते एका ओळीत उरकतात.

बातमीची कल्पना मागतील तिथं 'सीमाप्रश्न' एवढंच लिहिलं तर परक्या संपादकाला काहीच दिसत नाही. त्यापेक्षा खानापूर तालुक्यातलं कणकुंबी घे, म्हादई नदीच्या पाण्याचा वाद तिथं आहे. म्हादईच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादानं २०१८ मध्ये कर्नाटकाला एकूण १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मंजूर केलं, गोव्याचा विरोध आहे. आता लिही: म्हादईच्या खोऱ्यातल्या कळसा नाल्याकाठी कोणाशी बोलणार, कुठल्या कार्यालयातून कुठला कागद काढणार, कॅमेरा कुठं लावणार, उलट बाजू कोण मांडणार.

आवाजाचा नमुना पंखा बंद करून, गाद्या-चादरी असलेल्या खोलीत घे. फोन तोंडापासून वीतभर, जरा तिरका धर. 'प', 'फ' फुटत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवलेला आवाज दबतो, मूळ फाइलच जोड.

एसएसएलसी (दहावी) मार्क्सकार्डावर आडनावाऐवजी नुसतं आद्याक्षर असेल तर पासपोर्टशी ताळमेळ आजच बघ, दुरुस्तीला वेळ जातो. बॉनच्या अर्जाची मुदत जर्मन वेळेची धर: आपण उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार.